एक वाटी भात

आई गेल्यावर आमच्या लोधिवलीच्या घरातून सगळ्यात आधी गेला तो आवाज. आई बोलकी होती. भाकरी थापताना बोलायची, भांडी घासताना बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, आणि कुणीच समोर नसलं तर स्वतःशी बोलायची. ती गेल्यावर लक्षात आलं की आम्ही बाकीचे कुणी बोलतच नव्हतो, नुसती तिला उत्तरं देत होतो. ताईचं लग्न होऊन ती नेरळला गेली होती, तिच्या पदरात तान्हं मूल होतं. घरात उरलो मी आणि बाबा. मी सोळा वर्षांची. दहावी झाली होती, अकरावीला खोपोलीला जायचं ठरलंही होतं, पण आईच्या काविळीत ते राहून गेलं आणि नंतर तो विषय कुणी काढला नाही. दिवसभर मी घरात एकटी. मागच्या दारी उभं राहिलं की हायवेचा आवाज यायचा. तेव्हा तो एकच हायवे होता, त्याला जुना म्हणायची वेळ आली नव्हती. घाटाच्या आधी ट्रकवाले गाडी बाजूला घेऊन टायरवर लोखंडी पहार ठोकून बघायचे. ठप्प, ठप्प, ठप्प. किती ट्रक थांबले ते मी मोजायची. दुसरं काही करायला नव्हतं असं नाही, पण घरातल्या कामाला दाद देणारं माणूस नसलं की काम लवकर संपतं.

बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते. अंगानं जाड, पोट पुढं आलेलं, चालताना थोडे डावीकडे झुकणारे. शिफ्ट सुटली की शिळफाट्यावरून टेंपो पकडून घरी यायचे, आणि हातात कागदाची पुडी असायची. कधी कांदाभजी, कधी वडे, पगाराच्या आसपास जिलबी. पुडी चुलीशेजारी ठेवून ते म्हणायचे, "गरम हाय." बस. मग आम्ही दोघं त्या कागदाच्या दोन बाजूंना बसून खायचो. तेल कागदातून फरशीवर उतरायचं. खाऊन झालं की ते ओटीवर जाऊन बसायचे आणि मी फरशी पुसायची. आज सांगायला सोपं वाटतं, पण त्या महिन्यांत 'गरम हाय' हे दोन शब्दच आमच्या घरातलं बोलणं होतं. ते मला पुरत होते असं मी म्हणणार नाही. पण संध्याकाळ झाली की मी त्यांची वाट बघायची हे खरं.

मग बाबांना तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या रिकामा व्हायचा. कारखान्यात पायाच्या अंगठ्याला पत्रा लागला होता, ती जखम महिना झाला तरी भरेना. हळद लावून झाली, पाला बांधून झाला. शेवटी मीच मागं लागून त्यांना चौकला डॉक्टरकडे नेलं. वयस्कर डॉक्टर होते, बोलायला शांत. लघवी तपासली, रक्त तपासायला पाठवलं, आणि दोन दिवसांनी सांगितलं की साखर आहे, आणि बरीच आहे. बाबा खुर्चीवर बसून भिंतीकडं बघत राहिले. डॉक्टरांनी मग माझ्याकडे वळून विचारलं, "घरात स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"मग तू ऐक. औषध मी देतो, पण निम्मं औषध तुझ्या चुलीवर आहे."

ते बराच वेळ बोलले. गोड बंद, तळलेलं बंद, भात एका वेळी एक वाटी, भाजी भरपूर, रोज चालायचं, वजन उतरवायचं, जेवणाच्या वेळा पाळायच्या, गोळी घेतली की अर्ध्या तासाच्या आत खायचं. वहीच्या एका पानावर मी सगळं लिहून घेतलं. म्हणजे मला तेव्हा सगळं लिहिलंय असं वाटलं. खरं म्हणजे मी 'बंद' तेवढंच लिहिलं होतं. वर्षाच्या आत एक माणूस घरातून गेलेलं. दुसरं जाऊ नये म्हणून काय काय बंद करायचं, एवढंच मला ऐकू येत होतं.

घरी आल्यावर मी साखरेचा डबा शेजारच्या पार्वतीकाकींकडे रिकामा करून आले. गुळाचा खडाही ठेवला नाही. डबा घासून फळीवर पालथा घातला. ते पान भाताच्या लेईनं भिंतीला चिकटवलं. संध्याकाळी बाबा आले ते पुडी घेऊन. सवयीनं आणली असणार. मी म्हटलं, "बाबा, तळलेलं चालत नाय." त्यांनी पुडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि बाहेर जाऊन कुत्र्यापुढं टाकली. दुसऱ्या दिवसापासून ते रिकाम्या हातानं यायला लागले. 'गरम हाय' संपलं, आणि त्याच्या जागी माझ्याकडं ठेवायला दुसरं काहीच नव्हतं.

आमच्याकडे भात म्हणजे काय हे देशावरच्या माणसाला सांगावं लागतं. आमची भाकरीसुद्धा तांदळाची. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, पाहुणा आला तर घावणे. भात खाल्ला नाही तर आमच्याकडं माणूस 'जेवलो' म्हणत नाही, 'काहीतरी खाल्लं' म्हणतो. आणि हा भात विकतचाही नव्हता, घरामागच्या आमच्याच खाचरातला, बाबांनी सुट्ट्या टाकून लावलेला. त्या माणसाला मी वाटीनं भात मोजून घालायला लागले. डॉक्टरांनी वाटी म्हटलं होतं, कुठली ते सांगितलं नव्हतं. घरात तीन मापांच्या वाट्या होत्या. मी सगळ्यात लहान घेतली. भीती असली की माणूस लहानच वाटी घेतो. भाकरी नाचणीची, एकच. वालाचं बिरडं असलं तर त्यातलं खोबरं मी वगळायची, मग ते बिरडं राहायचंच नाही. बाबा दोन घासांत वाटी संपवायचे आणि थोडा वेळ ताटाकडं बघत बसायचे. मागायचे नाहीत. मागितलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडणात बोलणं असतं.

मीही तेवढंच खायची. त्यांच्यासमोर भाताचा ढीग घेऊन बसणं मला जमेना. त्यांची पाठ वळल्यावर खाणं तर त्याहून वाईट वाटायचं. चोळी सैल झाली ती मी टाचून घेतली. कुणी विचारलं नाही, कारण विचारणारं माणूस गेलं होतं.

आता मी नेरळला राहते, चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. मुलगा पुण्याला असतो. माझीही साखर आता काठावर आहे. टेबलाच्या खणात बोट टोचायचं यंत्र आहे, क्षणात आकडा दाखवतं. सोसायटीत चालायला आखलेली वाट आहे, तिच्यावर मी सकाळी पाच फेऱ्या घालते. कानात काहीतरी घालून चालणाऱ्या बायका मला हात करतात. पथ्य आता मला सोपं वाटतं. अवघड असतं ते एकट्यानं पथ्य करणं, आणि त्याहून अवघड, दुसऱ्याला पथ्य घालून त्याच्यासमोर बसणं. हे मला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नाही.

माघात पार्वतीकाकींच्या मुलीचा साखरपुडा होता. मांडवात दुपारची पंगत बसली. मी वाढणाऱ्या बायकांत होते, माझ्या हातात वरणाची बादली. बाबा पुरुषांच्या रांगेत मधोमध बसले होते. वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आले तर पानावर भाताचा डोंगर, वर तूप, आणि कडेला दोन जिलब्या. दोन महिन्यांत मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. शेजारच्या माणसाशी बोलत होते, हसत होते. मला ते हसणं दिसायला हवं होतं. मला जिलब्या दिसल्या. मी बादली खाली ठेवली, वाकले, आणि त्यांच्या पानावरच्या दोन्ही जिलब्या उचलून घेतल्या.

"तुमाला चालत नाय," मी म्हटलं. "भात पण कमी घ्या."

पलीकडच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "परशुरामा, बायको गेली नि घरात सासू आली रं!" आणि मांडवभर हशा झाला. मीही लाजून हसले असेन. बाबांनी उजवा हात पानावर आडवा धरला, तसाच थोडा वेळ ठेवला, आणि उठले. भरल्या पानावरून. आमच्याकडे मयताच्या घरातूनही माणूस असा उठत नाही. पार्वतीकाकी धावत आल्या, "भावजी, बसा हो, पोर हाय ती!" पण ते हात न धुता निघून गेले. जिलब्या माझ्या मुठीत चिकटून राहिल्या होत्या. त्या कुठं टाकाव्यात ते मला कळेना.

त्यानंतर बाबा घरात जेवेनासे झाले. सकाळी उठायचे, गोळी घ्यायचे, ती मात्र माझ्यासमोर, मला दिसेल अशी, आणि निघायचे. मी ताट वाढून ठेवायची. संध्याकाळी आले की म्हणायचे, "कँटीनला खाल्लं." ओटीवर बसून राहायचे. खरं होतं की खोटं, कोण जाणे. मी माझी वाटी घेऊन चुलीपाशी एकटी बसायची आणि भिंतीवरचं पान वाचायची. पानावरच्या प्रत्येक ओळीत मी बरोबर होते. आणि तरी समोरचा पाट रिकामा होता.

असे सहा दिवस गेले. सातवा सुट्टीचा. वाल काढायला आले होते. भात कापल्यावर त्याच खाचरात आम्ही वाल टाकायचो, ओल असेतो ते वाढायचे. बाबांनी गोळी घेतली. मी भाकरी पुढं केली. ते म्हणाले, "आल्यावर बघू," आणि घमेलं उचलून रानात गेले. आल्यावर म्हणजे दुपार. मी थोडा वेळ बसले, मग राहवेना. भाकरी फडक्यात बांधली आणि ऊन तापायच्या बेताला खाचराकडं गेले.

बाबा बांधावर बसले होते. अर्धे वाल उपटून झालेले, अर्धे उभे. लांबून वाटलं दम खातायत. जवळ गेले तर सदरा पाण्यातून काढल्यासारखा भिजलेला. हात थरथरत होते, डोक्याचं फडकं बांधायला बघत होते आणि ते हातातून निसटत होतं. मी म्हटलं, "बाबा, काय झालं?" त्यांनी वर पाहिलं. माझ्या तोंडाकडं नीट, बराच वेळ पाहिलं, आणि परक्या पोरीला विचारतात तसं अदबीनं विचारलं,

"तू कुणाची गं?"

माझ्या हातातली भाकरी खाली पडली. "मी मंदा, बाबा. मंदा." ते मान हलवून म्हणाले, "हां, हां," पण त्यांना कळलं नव्हतं. आणि तेव्हा, कुठून कोण जाणे, डॉक्टरांचं ते वाक्य मला आठवलं, जे मी लिहून घेतलं नव्हतं. ते म्हणाले होते, घाम सुटला, हातपाय कापायला लागले, माणूस वेड्यासारखं बोलायला लागला तर साखर उतरलेली असते. जास्तीनं माणूस हळूहळू मरतो, कमीनं लगेच. तेव्हा ताबडतोब साखर द्यायची. त्या वेळी मला वाटलं होतं, साखरेच्या आजाराला साखर? म्हातारे डॉक्टर काहीतरी चुकीचं बोलले असतील.

मी घराकडं पळाले. चुलीपाशी जाऊन फळीवर हात घातला तेव्हा हाताला लागला तो पालथा डबा. मी तो उचलून हलवलासुद्धा. मग तसाच टाकून काकींच्या दारात गेले आणि ओरडले, "काकी, साखर! बाबांना साखर!" काकींनी एक प्रश्न विचारला नाही. तांब्यात पाणी, त्यात मुठीमुठीनं साखर, बोटांनीच ढवळली आणि माझ्यापुढं पळत सुटल्या. आठवड्यापूर्वी त्यांच्याच मांडवातून बाबा उठून गेले होते.

काकींनी त्यांना मागून धरलं. "भावजी, तोंड उघडा. गिळा. हां, गिळा." मी तांब्या ओठाला लावला. निम्मं सदऱ्यावर सांडलं, निम्मं पोटात गेलं. मी इतके दिवस त्या माणसाच्या तोंडापासून साखर दूर ठेवत होते, आणि आता एकेक घोट मनात मोजत होते, आत जाऊ दे, आत जाऊ दे म्हणून. किती वेळ गेला सांगता येत नाही. हायवेवर कुणीतरी टायर ठोकत होतं. मग बाबांचे हात थांबले. त्यांनी तोंड पुसलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मंदे, भाकरी मातीत पडली बघ."

संध्याकाळी काकींनी आम्हा दोघांना टेंपोत घालून चौकला नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मी वाटी बरोबर नेली होती, माझं चुकलं नाही हे दाखवायला. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "ही? अगं, ही चटणीची वाटी आहे. शेतात राबणाऱ्या माणसाला तू चटणीच्या वाटीनं भात घालत होतीस?" त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी मला रडू फुटलं. मग त्यांनी बाबांना काट्यावर उभं केलं. वजन उतरलं होतं, ते चांगलंच म्हणाले, पण उपाशी राहून नव्हे. आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, मला म्हणाले, "तूही उभी राहा."

मी उभी राहिले. डॉक्टरांनी काटा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला, आणि माझ्या चोळीच्या टाचणीकडं पाहिलं. मग बाबांना म्हणाले, "परशुराम, यात पेशंट कोण आहे? तू की ही?"

तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा बाबांनी मला पाहिलं, मनगटापासून गळ्यापर्यंत. टेंपोत बसल्यावर मला म्हणाले, "तुला कुनी सांगितलं होतं माज्याबरोबर उपाशी ऱ्हायला?" मी म्हटलं, "कुनी नाय." ते पुढं म्हणाले, "मी कँटीनला जेवत नव्हतो." मी म्हटलं, "मला ठाव हाय." मला ठाऊक नव्हतं. पण त्या वेळी तसंच बोलावंसं वाटलं.

घरी आल्यावर बाबांनी चूल पेटवली. मला उठू दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा भात लावला, तो खाली करपला. मधल्या मापाची वाटी शोधून एक वाटी स्वतःच्या ताटात ओतली, उरलेलं पातेलं माझ्या ताटात उपडं केलं, करपलेलं वगळून. भाजी होती, आमटी होती. "जेव," म्हणाले. मी जेवले. माझं संपेपर्यंत ते ताट सोडून उठले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही चालायला लागलो. पहाटे, गावातून बाहेर पडून हायवेच्या कडेनं चौकच्या दिशेनं, आणि परत. बाबा पुढं, मी दहा पावलं मागं. गावातले लोक हसायचे, कुठं चाललाय रं परशुराम बिनकामाचा, म्हणून. बिनकामाचं चालणं तेव्हा गावाला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी अंतर पाच पावलं झालं. उन्हाळा लागेस्तोवर आम्ही बरोबरीनं चालत होतो, आणि अधूनमधून बोलतही होतो, वालाबद्दल, ताईच्या पोराबद्दल, एकदा आईबद्दल. जखम भरली. पोट आत गेलं. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. भिंतीवरच्या पानावर बाबांनी स्वतःच्या हातानं खाली एक ओळ लिहिली: गोळी घेतल्यावर जेवणे.

मे महिन्यात एका पहाटे, परतीच्या वाटेवर, ते म्हणाले, "अकरावीचं फार्म कधी देतात?"

"जूनमधी."

"जाऊ आपण खोपोलीला. ताईच्या नणंदेकडं तिथं खोली हाय, ताई म्हणत होती, तिकडंच ऱ्हा. रोजचं येनंजानं नको."

"मग तुमचं जेवण?"

"मला हात हायत."

मी गेले. मला जायचं होतं, हे इथं लिहून ठेवते. त्या घरातून सुटायचं होतं. मी पंधरा दिवसांनी यायची तेव्हा घर झाडलेलं असायचं, चूल सारवलेली, बाबा सांगायचे, आज अर्धी भाकरी, शेवग्याचा पाला, बिरडं. मी खूश होऊन परत जायची. पुढं मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं, नेरळला आले. बाबा त्या घरात एकटे राहिले, चालत राहिले, मोजून जेवत राहिले. साखरेनं त्यांचे पाय नेले नाहीत, डोळे नेले नाहीत. म्हातारपणानं गेले, झोपेत.

त्यांच्या दिवसकार्याला पार्वतीकाकी आल्या होत्या. खूप थकल्या होत्या, भिंतीला टेकून बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तू खोपोलीला गेलीस ना, त्या पैल्या पावसाळ्यात भावजींची लय आबाळ झाली गं. भाकरी करपायची, तीच पाण्यात भिजवून खायाचे. एकदा मी ताट घेऊन गेले तर वट्यावर अंधारात बसलेले. रडत व्हते. मी म्हनलं, मंदीला बोलावू काय? तर माज्या हातातलं ताट घेतलं नि म्हनले, वैनी, तिला यातलं कायबी सांगू नको. नायतर ती सगळं सोडून येईल."